उत्तरकांड आणि त्याचे श्रोते



वसंत ऋतूत व्याख्याने ऐकण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने ती पुण्यास १८७५ साली सुरू झाली आणि मग महाराष्ट्रात गावोगावी तिची रोपे लागली. दिवसभराचा उकाडा ओसरून खाडीवरचा वारा सुटला, की घरची कामे बाजूस ठेवून आपण येथे येऊन बसता. तेव्हा वक्त्याने आढेवेढे न घेता विषयाला हात घालावा, हेच बरे. एखादी मोठी कथा अनेक खंडांत सांगितली जाते. तिचे आधीचे खंड लोक डोक्यावर घेतात. मागाहून जो खंड येतो त्याच्याविषयी मात्र त्यांच्यात तट पडतात. असे का होते, आणि अशा वेळी वाचणाऱ्या-ऐकणाऱ्या माणसाच्या मताला किती किंमत द्यावी, हा आजचा प्रश्न आहे.

हा प्रश्न आम्हांस सुचला तो आगगाडीत. विरारच्या गाडीत उभे राहण्यापुरती जागा मिळाली तरी माणूस स्वतःला भाग्यवान समजतो. अशा गर्दीत दोन तरुण एका जाड इंग्रजी कादंबरीवरून हमरीतुमरीवर आले होते. चौकशी करता कळले, की रॉबर्ट जॉर्डन या अमेरिकन लेखकाची 'द व्हील ऑफ टाइम' नावाची अद्भुतरम्य कथामाला आहे. तिचा पहिला खंड १९९० साली निघाला. २००३ साली दहावा खंड आला, तो फार रेंगाळतो म्हणून वाचक चिडले. २००७ साली लेखक वारला आणि कथा अर्धवट राहिली. मग ब्रँडन सँडर्सन या दुसऱ्या लेखकाने, मूळ लेखकाची टिपणे हाताशी घेऊन, शेवटचे तीन खंड लिहिले, आणि २०१३ साली चौदाव्या खंडावर कथा संपली. एक तरुण म्हणत होता, की दुसऱ्याने लिहिलेले ते खरे नव्हे. दुसरा म्हणत होता, की कथा पुरी झाली हे काय थोडे झाले? नायगाव आले, वसई आली, तरी त्यांचा निकाल लागला नाही.

त्यांचा वाद ऐकताना आमच्या मनात आले, की हे भांडण आपल्या ओळखीचे आहे. मोठ्या कथेचा मागाहून आलेला खंड, तो मूळ कवीचा की दुसऱ्याचा हा संशय, आणि तो वाचावा की वगळावा यावरून श्रोत्यांत पडलेले तट, हे सर्व आपल्या देशात हजार-दीड हजार वर्षांहून अधिक काळ चालू आहे. त्या खंडाचे नाव उत्तरकांड.

आत्याची पोथी

आमच्या लहानपणी, वसईच्या वाड्यांतून विहिरीवरचे रहाट फिरत होते आणि घरोघरी जाती होती त्या काळात, आमची आत्या चातुर्मासात श्रीधरस्वामींचा 'रामविजय' वाचीत असे. दुपारची झाकपाक आटोपली, की ओटीवर आळीतल्या बायका जमत. वनवास झाला, सीताहरण झाले, लंका जळली, रावण पडला. श्रीरामचंद्र अयोध्येस परतले, त्यांना राज्याभिषेक झाला, आणि त्या दिवशी आत्याने पोथीला हळदकुंकू वाहिले, साखर वाटली व पोथी रुमालात बांधली. पोथीची शेवटची पाने अजून उलटायची राहिली होती, हे आम्हां मुलांनासुद्धा दिसत होते.

शेजारच्या एक वृद्ध बाई तेवढ्या उठल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "अगं, पुढं सीतामाईचं काय झालं ते नाही का वाचायचं?"

आत्या म्हणाली, "काकू, पुढचं घरात वाचू नये म्हणतात. आणि ते सगळ्यांना ठाऊकच आहे."

"ठाऊक आहे म्हणूनच वाच की," त्या म्हणाल्या.

आत्याने पोथी सोडली नाही. काकूही मग काही बोलल्या नाहीत. पण त्या दोघींच्या त्या चार वाक्यांत उत्तरकांडाविषयीचे सगळे मतभेद आले होते, हे आम्हांस पुष्कळ वर्षांनी उमगले. राज्याभिषेकापाशी पारायण थांबवण्याची ही चाल काही एकट्या आमच्या आत्याची नव्हे. ती देशात दूरवर आढळते. पोथी कोठे बांधावी हे ठरवणे म्हणजे त्या खंडावर दिलेले एक मतच होय. ते कोणी लिहून ठेवले नाही एवढेच.

सहा कांडे आणि वर एक

प्रथम ग्रंथाची हकीकत पाहू. वाल्मीकि-रामायणाची कांडे सात. त्यांपैकी सहावे युद्धकांड राज्याभिषेकाने संपते, आणि त्याच्या शेवटी फलश्रुती येते. फलश्रुती म्हणजे हा ग्रंथ ऐकणाऱ्यास काय पुण्य लाभेल, याचे वर्णन. ती ग्रंथ संपल्यावर यावयाची. ती झाल्यावर पुन्हा शंभराहून अधिक सर्गांचे एक कांड सुरू व्हावे, ही गोष्ट कोणाही सावध वाचकाच्या डोळ्यांत भरते. महाभारताच्या वनपर्वात रामाची कथा एका उपाख्यानात आली आहे. तीही राज्याभिषेकापाशी संपते.

उत्तरकांडाचा आरंभही विलक्षण आहे. राज्याभिषेकानंतर अगस्त्यादी ऋषी अयोध्येस येतात आणि रावणाच्या कुळाची, त्याच्या तपश्चर्येची व दिग्विजयाची मागची कथा सांगत बसतात. तीसएक सर्ग त्यातच जातात. मग लोकापवादाची वार्ता येते, आणि गरोदर सीतेला लक्ष्मण गंगेपलीकडे नेऊन सोडतो. पुढे शंबूक नावाचा तपस्वी, केवळ शूद्र असून तप करतो म्हणून, रामाच्या हातून मारला जातो. अश्वमेधाच्या मंडपात कुश-लव रामायण गातात. सीतेला पुन्हा एकदा सर्वांसमक्ष शुद्धी सिद्ध करावयास सांगितले जाते. तेव्हा ती पृथ्वीमातेला साद घालते आणि धरणी दुभंगून तिला पोटात घेते.

जर्मन पंडित हेर्मान याकोबी यांनी १८९३ साली रामायणावर ग्रंथ लिहिला. बालकांडाचा बराच भाग व संपूर्ण उत्तरकांड मागाहून जोडलेले आहे, असे मत त्यांनी त्यात मांडले. आपल्याकडे भारताचार्य चिंतामणराव वैद्य यांनी १९०६ साली रामायणाचे कोडे सोडवण्यासाठी इंग्रजीत एक स्वतंत्र पुस्तक लिहून मूळ ग्रंथावर चढलेल्या थरांची चर्चा केली. वैद्यांचा जन्म कल्याणचा, म्हणजे ते आपल्या शेजारचेच. बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने देशभरची हस्तलिखिते ताडून रामायणाची चिकित्सित आवृत्ती काढली. तिचे सात खंड १९६० ते १९७५ या काळात प्रसिद्ध झाले, आणि शेवटचा उत्तरकांडाचा. सारांश, उत्तरकांड मागाहूनचे आहे, याविषयी संशोधकांत बहुतांशी एकमत आहे.

येथेच पुष्कळांचे समाधान होते. सीतात्याग व शंबूकवध हा भाग प्रक्षिप्त आहे, तो वाल्मीकीचा नव्हे, म्हणून त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी आमच्यावर नाही, असे ते म्हणतात. आम्ही त्यांच्या भावनेचा आदर करतो, पण हे उत्तर आम्हांस पुरेसे वाटत नाही. एक तर बालकांडातच सहा कांडे आणि वर उत्तर, असा स्पष्ट उल्लेख आहे. तेथेच रामासमोर रामायण गाणारे कुश-लव प्रथम भेटतात. उत्तरकांड काढून टाकले तर ही दोन पोरे वनात का वाढली, याचे उत्तर कोणी द्यायचे? बालकांडातील तो भागही नवा, असे संशोधक म्हणतील, आणि ते खरेही असेल. परंतु 'मागाहूनचे' म्हणजे 'कोणाचेच नव्हे' असा अर्थ होत नाही. ते कोणीतरी रचले, कोणीतरी गायले, आणि शेकडो वर्षे आपल्या पूर्वजांनी ते ऐकले. ऐकून त्यांना काय वाटले, हा आमच्या दृष्टीने खरा इतिहास आहे.

कवी हेही वाचकच

सामान्य श्रोत्याचे मत जुन्या काळी कोणी टिपून ठेवीत नसे. कवींचे मत मात्र त्यांच्या काव्यात सापडते, कारण प्रत्येक कवी आधी वाचक असतो.

कालिदासाने 'रघुवंशा'च्या चौदाव्या सर्गात सीतात्याग वर्णिला आहे. त्याने घटना बदलली नाही, पण सीतेच्या तोंडी जो निरोप घातला तो ध्यानात घेण्याजोगा आहे. लक्ष्मणाजवळ निरोप देताना ती पतीला 'राजा' म्हणते, आणि जे केले ते तुझ्या विद्येला व कुळाला शोभते काय, असे विचारते. पुढे वाल्मीकी तिला आश्रमात नेताना, त्रिभुवनाचा काटा काढणाऱ्या रामावर आपला यासाठी रोष आहे, असे उघड बोलून दाखवतात. कथा सांगणाऱ्या आदिकवीलाच कालिदासाने कथानायकावर रागावलेला दाखवला. वाचकाचे मत याहून स्पष्ट ते काय असावयाचे?

भवभूती तर आपल्या विदर्भातील पद्मपूरचा. आठव्या शतकात त्याने 'उत्तररामचरित' हे नाटक लिहिले. त्यातील वनदेवता वासंती रामाला टोचून बोलते, आणि राम रडतो. शंबूकावर शस्त्र उगारताना राम आपल्याच उजव्या हाताला निष्ठुर होण्यास बजावतो. हात उचलत नव्हता, असे कवीला सुचवायचे आहे. आणि शेवटी भवभूतीने मोठेच धाडस केले. सातव्या अंकात नाटकातले नाटक रचून, ते पाहता पाहता रामाला मूर्च्छा आणली, आणि सीतेला भूमीच्या पोटात जाऊ न देता परत त्याच्या हाती दिली. शेवट पटला नाही म्हणून या वाचकाने शेवटच बदलला.

तिसरा मार्ग मौनाचा. तुलसीदासांनी १५७४ साली 'रामचरितमानस' रचावयास घेतले. त्यात उत्तरकांड नावाचे कांड आहे, पण सीतात्याग नाही. त्या जागी रामराज्याचे वर्णन आणि काकभुशुंडीचा संवाद आहे. तमिळ कवी कंब याचे रामायणही राज्याभिषेकापाशी थांबते. आमच्या आत्याने पोथी बांधली ती या थोर मंडळींच्याच पंक्तीत बसून. तिला हे ठाऊक नव्हते, इतकेच.

नाथ आणि गावबा

आता मराठीकडे वळू. एकनाथमहाराजांनी आयुष्याच्या अखेरीस 'भावार्थ रामायण' हाती घेतले. कांडामागून कांड होत गेले. युद्धकांडाचे चव्वेचाळीस अध्याय झाले, आणि १५९९ साली पैठणास नाथांनी देह ठेवला. रणांगण ऐन भरात असताना लेखणी थांबली. उरलेले युद्धकांड व सगळे उत्तरकांड त्यांच्या गावबा नावाच्या शिष्याने पुरे केले.

गावबाविषयीची कथा आपण ऐकली असेल. पुरणपोळीची भारी आवड असलेले हे पोर नाथांच्या घरी येऊन राहिले. त्याला मंत्र दिला तर तो येईना; जिभेवर 'एकनाथ' एवढेच नाव बसले. या पोराच्या हातून माझा ग्रंथ पुरा होईल असे नाथांनी सांगितले, तेव्हा भोवतालचे विद्वान हसले. मग त्याने लिहिलेले अध्याय त्यांनी वाचले, आणि नाथांचे कोणते व गावबाचे कोणते हे त्यांना ओळखू येईना. ही आख्यायिका आहे, आणि आख्यायिकेला आम्ही इतिहास म्हणत नाही. तथापि आख्यायिका का निर्माण झाली, हे विचारणे इतिहासाचेच काम आहे. दुसऱ्याच्या हातचा खंड मूळ ग्रंथाला शोभतो काय, ही शंका त्या काळच्या श्रोत्यांनाही आली असली पाहिजे. शंका आली नसती, तर तिचे निरसन करणारी कथा जन्मालाच आली नसती. आगगाडीतल्या त्या दोन तरुणांचा वाद पैठणच्या वाळवंटात चारशे वर्षांपूर्वी होऊन गेला होता, तो असा. आणि तेथील श्रोत्यांनी निकाल दिला तो गावबाच्या बाजूने. नाथांचे रामायण म्हणून आज सात कांडांचा अखंड ग्रंथच वाचला जातो.

या सुमारास आपली वसई कोठे होती? १५३४ सालच्या तहाने ती पोर्तुगीजांकडे गेली होती, आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला घेईपर्यंत त्यांच्याकडेच राहिली. म्हणजे गावबा लिहीत होता तेव्हा आपल्या किल्ल्यावर निशाण होते पोर्तुगालचे. पोर्तुगीज मुलखात जुन्या पोथ्यांवर गदा आली होती. पण कथेची तहान पोथी काढून घेतल्याने जात नाही. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओवीत जे 'क्रिस्तपुराण' रचले व १६१६ साली रायतूर येथे छापले, त्याच्या आरंभीच नवख्रिस्ती श्रोत्याची मागणी आली आहे. आमची पूर्वीची पुराणे बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरी पुराणे आम्हांस का देत नाही, असा तिचा आशय आहे. फादरांनी मग पहिले आणि दुसरे अशी दोन पुराणे दिली. पहिल्यात जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात येशूचे चरित्र. श्रोत्यांच्या मागणीवरून ग्रंथ जन्मतात, याचा इतका स्पष्ट पुरावा मराठीत क्वचितच मिळेल. आज या सभागृहात रामनवमी आणि नाताळ हे दोन्ही सण मानणाऱ्या घरांतील मंडळी बसली आहेत. धर्म वेगळे झाले, तरी ओवी ऐकणारा कान एकच होता, हे आपण विसरू नये.

ओवीतले मत

शेवट बदलणारे कवी पाहिले, शेवट गाळणारे पाहिले. लोकांनी आणखी एक वाट काढली. वाल्मीकीच्या उत्तरकांडात कुश-लव रामासमोर गातात, पण लढत नाहीत. लढाई आली ती पुढच्या ग्रंथांत. जैमिनीच्या अश्वमेधात व पद्मपुराणात या बालकांनी यज्ञाचा घोडा अडवला आणि अयोध्येच्या मोठमोठ्या वीरांना धूळ चारली. श्रीधरांनी १७०३ साली 'रामविजय' पुरा केला, त्यातही लवकुशांचे युद्ध आहे. कीर्तनात हे आख्यान लागले की मंडप भरून जात असे. का? आम्हांस वाटते, की श्रोत्यांना कोठेतरी निवाडा हवा होता. रामाला शिक्षा व्हावी असे म्हणण्याचे त्यांच्या जिभेवर येईना. तेव्हा सीतेच्या पोरांनी बापाच्या सैन्याला हरवले, एवढ्यावर त्यांनी मनाची समजूत घातली. भक्तीही राहिली आणि न्यायही झाला.

अशीच गोष्ट परटाची. मूळ ग्रंथात लोकापवादाची वार्ता भद्र नावाचा सभेतला माणूस सांगतो. परीट आला तो मागाहून. दरबारातल्या माणसाचा दोष गरिबाच्या माथी गेला, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. सर्वच बदल न्यायाच्या बाजूने झाले, असे मानण्याचे कारण नाही.

बायकांचे मत मात्र जात्यावर उमटले. गी पॉयतवाँ आणि हेमा राईरकर यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून लाखाच्या वर ओव्या जमवल्या. त्यांत सीतेच्या वनवासाच्या ओव्या फार. रामाचा वनवास म्हणजे चौदा वर्षे, ती संपली. सीतेचा वनवास हा त्या बायकांना रोजचा, अंगावरचा वाटतो. पतीने टाकलेली, अडवनात एकटी बाळंत झालेली बाई, हा त्यांच्या दृष्टीने पुराणातला प्रसंग नाही. पहाटे दळता दळता त्यांनी उत्तरकांडाचेच पारायण केले. घरातल्या पोथीत जे वाचायचे नाही, तेच त्यांनी जात्यावर गायले. काकूंना पुढचे का ऐकायचे होते, ते आम्हांस या ओव्या वाचल्यावर कळले.

यवतमाळ जिल्ह्यात रावेरी नावाचे गाव आहे. तेथे सीतेचे देऊळ आहे, आणि गाभाऱ्यात राम नाही. गावची कथा अशी, की टाकलेली सीता येथे राहिली, बाळंतपणात तिने गव्हाचे मूठभर दाणे मागितले, ते कोणी दिले नाहीत, आणि या गावी गहू पिकणार नाही असा तिने शाप दिला. शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांनी या देवळाच्या जीर्णोद्धारात लक्ष घातले आणि टाकलेल्या स्त्रियांच्या प्रश्नाशी त्याचा संबंध जोडला. गावाने आपल्याच पूर्वजांना दोषी ठरवणारी कथा जपावी, हे आम्हांस फार मोठे वाटते.

गेल्या सत्तर वर्षांत

१९५५ च्या रामनवमीस पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झाले. वर्षभर दर आठवड्यास एक याप्रमाणे गदिमांची छप्पन्न गीते सुधीर फडके यांच्या संगीतात घरोघर पोहोचली. गीत लागायच्या वेळी रेडिओला हार घालणारी माणसे होती. आम्ही सांगतो ती गोष्ट त्याच्या रचनेची आहे. गदिमांनी कथेचा आरंभच कुश-लवांच्या गायनाने केला. बाप सिंहासनावर, पुत्र समोर उभे, आणि बापाला पुत्रांची ओळख नाही. म्हणजे सगळे रामायण उत्तरकांडाच्या मंडपात बसून ऐकायचे. शेवटाकडे टाकलेल्या सीतेचा प्रश्नही त्यांनी गाळला नाही. ज्या घरांत पोथी राज्याभिषेकापाशी बांधली जाई, त्याच घरांत ते गीत डोळे पुसत ऐकले गेले.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे लेखन येते. हिंदू धर्मातील कूटप्रश्नांवरचा त्यांचा ग्रंथ महाराष्ट्र शासनाने १९८७ साली प्रसिद्ध केला. त्यात राम व कृष्ण यांच्यावरचे परिशिष्ट होते. सीतेला दिलेली वागणूक आणि शंबूकाचा वध, या दोन गोष्टींवर बाबासाहेबांनी कठोर बोट ठेवले. ते परिशिष्ट काढावे म्हणून, आणि उलट काढू नये म्हणून, मुंबईत मोर्चे निघाले. कोणी कोणत्याही बाजूचा असो, त्याने एवढे मान्य करावे, की बाबासाहेबांनी उत्तरकांड वगळले नाही, वाचले. ज्या माणसाला शंबूकात आपला पूर्वज दिसतो, त्याला 'तो भाग प्रक्षिप्त आहे' हे उत्तर कसे पुरावे?

आणि त्याच दिवसांत एक नवल घडले. रामानंद सागर यांची 'रामायण' मालिका दूरदर्शनवर जानेवारी १९८७ पासून जुलै १९८८ पर्यंत चालली. ती राज्याभिषेकाशी संपवायची, असा बेत होता. तेव्हा पंजाबात जालंधरच्या सफाई कामगारांनी संप पुकारला. त्यांची मागणी अशी, की पुढची कथा दाखवा. हे कामगार वाल्मीकीला आपला गुरू मानणाऱ्या समाजाचे. त्यांचा आदिकवी कथेत स्वतः उभा राहतो, टाकलेल्या सीतेला आसरा देतो, तिच्या पोरांना शिकवतो, तो याच कांडात. ते कांड गाळणे म्हणजे त्यांच्या गुरूलाच गाळणे होते. संप इतर शहरांत पसरला, आणि अखेर उत्तररामायणाची मालिका निघाली. तिच्यात सीता आपण होऊन वनात जाण्याचा आग्रह धरते, असा बदल केलेला दिसतो. भवभूतीप्रमाणे सागरांनाही मूळ प्रसंग जसाच्या तसा दाखववेना. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने दोन्ही मालिका पुन्हा लावल्या, तेव्हा नव्या पिढीने त्या पाहिल्या, आणि घरोघर तोच वाद पुन्हा रंगला.

समारोप

आता या सर्वांतून काय निघते ते सांगून थांबतो.

मागाहून आलेला खंड लोकांना खटकतो, याची कारणे दोन दिसतात. एक लहान आणि एक मोठे. लहान कारण असे, की तो रेंगाळतो, किंवा दुसऱ्याच्या हातचा वाटतो. हे कारण काळाच्या ओघात विरते. गावबाचे तसेच झाले, आणि उद्या त्या अमेरिकन लेखकाच्या वारसाचेही तसेच होईल. मोठे कारण निराळे आहे. आधीच्या खंडांनी ज्या माणसांवर आपणांस प्रेम करायला शिकवले, त्यांच्याशी पुढचा खंड अन्यायाने वागतो, असे वाचणाऱ्याला वाटते. हे कारण विरत नाही. उलट ज्याचे पहिल्या सहा कांडांवर प्रेम अधिक, त्यालाच सातवे अधिक बोचते. म्हणून अशा तक्रारीला कोणी अरसिकपणा म्हणू नये. ती प्रेमाचीच तक्रार आहे.

ही तक्रार आपल्या समाजाने नाना रीतींनी मांडली. कालिदासाने राग दाखवला, भवभूतीने शेवट बदलला, तुलसीदासांनी मौन धरले, लोकांनी लवकुशांच्या हाती धनुष्य दिले, बायकांनी ओव्या गायल्या, बाबासाहेबांनी जाब विचारला, आणि झाडू मारणाऱ्यांनी झाडू खाली ठेवले. यांतला एकही 'आम्हांला काय त्याचे' असे म्हणाला नाही. कथा मेली नाही ती यामुळे. ज्या कथेच्या शेवटाविषयी कोणी भांडत नाही, ती कथा संपलेली असते.

आमचे स्वतःचे मत विचाराल, तर पोथी राज्याभिषेकापाशी बांधू नये. मंगल तेवढे ऐकावे आणि अमंगळाकडे पाठ फिरवावी, हा मोह आम्हांसही होतो. परंतु घरात जे वाचायचे टाळले, ते जगात घडायचे टळत नाही. टाकलेल्या बायका आपल्या आळीत आहेत. जन्मावरून अडवलेली माणसेही आपल्या शहरात आहेत. त्यांचे कांड वाचण्याचे धैर्य आपणांस नसेल, तर रामराज्याचे कांड वाचण्याचा अधिकार तरी आपणांस कितपत आहे?

आत्या गेली त्याला पुष्कळ वर्षे झाली. काकू तिच्याही आधी गेल्या. ती पोथी आज आमच्याकडे आहे. तिची आरंभीची पाने बोटांच्या डागांनी पिवळी पडली आहेत, आणि शेवटची अजून कोरी दिसतात. येत्या चातुर्मासात आम्ही ती शेवटापर्यंत वाचणार आहोत. आळीतल्या सर्वांना, कोणत्याही घरच्या असोत, बोलावणार आहोत. वाचून झाल्यावर ज्याला जे वाटेल ते त्याने मोकळेपणाने बोलावे, आणि सुरुवात बायकांनी करावी, अशी आमची इच्छा आहे.